पासबुक आपलं, कात्री कुणाची?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळपासून इथे मारहाणीच्या केसेसवर, रेशनवर, पाण्यावर इतकं भरभरून बोलणं झालं, की जेवणानंतर बँकेचा विषय म्हणजे डुलकीला आमंत्रणच. पण जाण्याआधी एक करा. पिशवीत पासबुक असेल तर बाहेर काढा. नसेल तर आठवून बघा, ते आत्ता कुठे आहे. घरी कपाटात आहे? नवऱ्याच्या खिशात? मुलाकडे? मला वाटतं, अर्धं भाषण ह्या एका प्रश्नातच आलं.

मी बँकेत सत्तावीस वर्षं कारकून होते. १९९२ साली लागले आणि २०१९ साली निवृत्त झाले. म्हणजे तुम्ही ज्या खिडकीबाहेर रांगेत उभ्या असता, त्या खिडकीच्या आत मी बसत होते. मी लागले तेव्हा बाईचं खातं उघडायचं म्हणजे केवढा खटाटोप होता! ओळख द्यायला आधीचा खातेदार लागायचा, आणि तो बहुधा पुरुषच असायचा. घरकाम करणाऱ्या बाईला कोण ओळख देणार? त्या काळी आपल्या संघटना ह्यासाठीच भांडत होत्या, की बाईच्या कष्टाचा पैसा बाईच्या नावावर राहिला पाहिजे.

आज चित्र बदललंय. २०१४ साली जनधन योजना आली. त्या योजनेत पन्नास कोटींहून जास्त खाती उघडली गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक बायकांची आहेत. खातं मिळालं ही मोठीच गोष्ट झाली. पण खात्यात आलेला पैसा खात्यात राहतो का, हे कुणी बघत नाही. आज मला त्याबद्दल बोलायचंय.

एक प्रसंग सांगते. मी नोकरीत असतानाचा, २०१८ सालचा. एक मावशी आल्या. नवरा वारलेला, निराधार योजनेचे महिन्याला सहाशे रुपये मिळायचे. चार महिन्यांचे पैसे एकदम जमा झाले होते. एस. टी.ने तास-दीड तासाचा प्रवास करून त्या आल्या. मी पासबुक भरून दिलं. त्यांनी शिकलेल्या नातीकडून वाचून घेतलं आणि परत खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "ताई, माझं पैसं कमी का आल्यात?" मी बघितलं. किमान शिल्लक नाही म्हणून तीन-चार वेळचा दंड साचला होता, तो पैसे आल्या आल्या कापला गेला होता. साडेतीनशेच्या आसपास रक्कम होती. मी काय म्हणाले असेन? "मावशी, नियम आहे." मागे रांग होती. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

आता ऐका, मी त्यांना काय सांगितलं नाही ते. त्यांचं खातं साधं बचत खातं होतं. एका अर्जावर ते किमान शिल्लक नसलेल्या खात्यात बदलून मिळालं असतं. दंड लावण्याआधी बँकेने त्यांना कळवायला हवं होतं. कळवलं होतं का, हे मी तपासलंसुद्धा नाही. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या टेबलाच्या खणात परिपत्रक होतं. पण 'नियम आहे' हे दोन शब्द बोलायला सोपे असतात. त्या मावशी परत कधी मला भेटल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर मी संघटनेत येऊन बसू लागले, ते थोडंफार त्या साडेतीनशे रुपयांसाठी.

तर पैसा कुठून गळतो ते आधी समजून घेऊ. माठाला भोक पडलं तर आपण नुसतं पाणी ओतत बसत नाही, माठ उचलून भोक शोधतो. खात्याचंही तसंच आहे.

पहिलं भोक किमान शिल्लकीचं. बऱ्याच खात्यांत ठराविक रक्कम ठेवावी लागते. ती रोज ठेवायची नसते, बहुतेक ठिकाणी महिन्याची सरासरी बघतात. म्हणजे काय? समजा, सरासरी एक हजाराची अट आहे. तीस दिवसांच्या रोजच्या शिलकीची बेरीज तीस हजार झाली, की अट पुरी झाली. म्हणजे महिनाभर हजार पडून राहिले काय किंवा तीन दिवस दहा हजार राहिले काय, हिशोब एकच. ज्या बाईचा पगार सात तारखेला येतो आणि आठ तारखेला ती सगळा काढून आणते, ती दंडात सापडते. तेच पैसे चार-पाच दिवसांनी, लागतील तसे काढले, तर कदाचित सापडणार नाही. आपल्या बँकेत सरासरी महिन्याची धरतात की तीन महिन्यांची, हे मात्र विचारून घ्या.

इथे एक सापळा आहे. कंत्राटी सफाई काम, कपड्यांचे कारखाने, मॉलमधली कामं, इथे मालक पगारासाठी खातं उघडून देतो. त्या खात्याला किमान शिलकीची अट नसते. पण काम सुटलं, तीन-एक महिने पगार आला नाही, की बऱ्याच बँका ते खातं साधं करून टाकतात आणि अट लागू होते. बाई ते खातं विसरलेली असते. पुढे तेच खातं आधारला जोडलेलं राहतं, आणि सरकारी योजनेचा पैसा आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातो. बाई इथल्या बँकेत चकरा मारते, पैसा तिथल्या बँकेत जाऊन पडलेला असतो, आणि तिथे आधीचा दंड वाट बघत बसलेला असतो. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे पहिले तीन हजार आले, तेव्हा कितीतरी जणींच्या बाबतीत हेच झालं. जुनी येणी म्हणून बँकांनी पैसे कापले. बोभाटा झाला, तेव्हा सरकारला बँकांना सांगावं लागलं, की ह्या पैशातून जुनी वसुली करू नका.

दुसरं भोक हप्त्याचं. परस्पर खात्यातून जाणारा हप्ता, मग तो शिलाई मशीनचा असो, मोबाईलचा असो की गटाबाहेरच्या कर्जाचा. आमच्या वस्तीतल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. मुलाच्या फोनचा हप्ता १८५० रुपये, पाच तारखेला जायचा. हिचा पगार सात ते दहाच्या मध्ये कधीतरी यायचा. पाच तारखेला खात्यात १७९० रुपये होते. साठ रुपये कमी पडले. हप्ता परत गेला. बँकेने २५० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असे २९५ रुपये घेतले. तीन दिवसांनी कर्जवाल्यांनी पुन्हा हप्ता मागितला, पगार आलेला नव्हता, पुन्हा परत गेला, पुन्हा २९५. आणि कर्ज देणाऱ्यांचे वेगळे ४५० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५३१. बेरीज करा. ११२१ रुपये झाले. साठ रुपये कमी पडले म्हणून! तिच्या दोन घरच्या धुण्याभांड्याचा जवळजवळ पंधरा दिवसांचा पैसा.

आम्ही काय केलं? तिला घेऊन त्या कंपनीच्या कार्यालयात गेलो आणि हप्त्याची तारीख बारा करून मागितली. लेखी अर्ज दिला, तारीख बदलून मिळाली. त्यानंतर एकदाही हप्ता परत गेला नाही. तिचं उत्पन्न तेवढंच राहिलं, खर्चही तेवढाच राहिला. बदलली ती फक्त तारीख.

आणखी एक लक्षात ठेवा. पूर्वी सुट्टीच्या दिवशी हप्ता जात नसे. १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी, सणालासुद्धा हप्ता वळता होऊ शकतो. "उद्या रविवार आहे, सोमवारी भरीन" हे आता चालत नाही. आदल्या दिवशी पैसे खात्यात असायला हवेत.

तिसरं भोक एटीएमचं. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्यात पाच व्यवहार फुकट असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मोठ्या महानगरांत तीन, बाकी ठिकाणी पाच. त्यापुढे दर व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आणि वर कर, हा दर १ मे २०२५ पासून आहे. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर नुसती शिल्लक बघितली तरी ती मोजणीत धरतात. आणि खात्यात चारशे असताना पाचशे मागितले, तर पैसे मिळत नाहीतच, वर काही बँका त्याचाही दंड घेतात. म्हणून आधी शिल्लक बघायची आणि मगच कार्ड घालायचं. शिल्लक मिस्ड कॉल देऊनही कळते. त्याचा नंबर पासबुकावर नाहीतर बँकेच्या भिंतीवर लिहिलेला असतो. यंत्र बिघडलं म्हणून पैसे आले नाहीत, तर तो व्यवहार तुमच्या फुकटच्या व्यवहारांत धरता येत नाही. आणि पैसे खात्यातून वजा झाले पण हातात पडले नाहीत, तर पाच दिवसांत परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

चौथी बारीकसारीक भोकं. कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे, आणि न विचारता लावलेला विमा. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या शेवटी कापले जातात. विमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. सुरक्षा विमा तर वीस रुपयांत अपघाताला दोन लाखांचा आहे. पण आपली सही घेतलीय का, वारस म्हणून नाव कुणाचं आहे, हे आपल्याला माहीत हवं. दोन खात्यांवर दोनदा विमा चालू असेल, तर भरपाई एकदाच मिळते आणि पैसे मात्र दोनदा जातात. मे महिन्यात ही रक्कम गेल्यामुळे पाच जूनचा हप्ता परत गेला, असंही मी बघितलंय. एक भोक दुसऱ्या भोकाला वाट करून देतं.

आता नियम काय म्हणतात ते. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी कळवायचं, महिन्याची मुदत द्यायची, आणि मगच दंड लावायचा. दंड जेवढी तूट आहे त्या प्रमाणात हवा. दहा रुपये कमी आणि हजार रुपये कमी, दोघींना सारखाच दंड चालणार नाही. आणि फक्त ह्या दंडामुळे खातं शून्याच्या खाली जाता कामा नये. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय झालेल्या खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूलभूत बचत खातं. बँकेत त्याला बीएसबीडी खातं म्हणतात. जनधन खातं हे त्याच जातीचं. किमान शिल्लक शून्य, पासबुक फुकट, एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून चार वेळा तरी पैसे काढणं फुकट. पैसे कितीही वेळा भरा. तुमचं साधं खातं असेल तर अर्ज देऊन तेच खातं बदलून मिळतं. मात्र हे खातं असताना त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. खिडकीवरची बाई किंवा बुवा म्हणेल, "असं खातं आमच्याकडे नसतं." नसतं असं होत नाही. सगळ्या बँकांना ते द्यावं लागतं.

जनधन खात्यात दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, हे तुम्ही ऐकलं असेल. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात नसलेले पैसे उचलणं. ते कर्ज आहे आणि त्याला व्याज लागतं. अडीनडीला सावकारापेक्षा बरं, पण सणासुदीला उचलायचा तो पैसा नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की १ एप्रिल २०२४ पासून दिलेल्या कर्जांवर हप्ता चुकल्याचा दंड लावला, तरी त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

आता स्वतः काय करायचं? एक दहा रुपयांची वही घ्या. पहिल्या पानावर महिन्याच्या तारखा लिहा. कुठल्या तारखेला पैसा येतो, कुठल्या तारखेला काय जातं, ते समोर मांडा. येण्याच्या आधी जाणं असेल, तर तारीख बदलून मागा. मग रोजचं एक पान. पासबुकात दोन हजार दिसतात, पण पाच तारखेला साडेअठराशेचा हप्ता आहे, तर आपले फक्त दीडशे. बाकीचे दुसऱ्याचे आहेत, आपल्याकडे राहायला आलेत. वहीत शिल्लक दीडशेच लिहायची. फोनवरून दहा-वीस रुपये देतो ना, भाजीला, रिक्षाला, तेही संध्याकाळी वहीत उतरवा. तेच साठ रुपये कमी पाडतात.

माठाच्या तळाला जसं थोडं पाणी नेहमी ठेवतो, तसे पाचशे रुपये खात्याच्या तळाला ठेवा आणि ते नाहीतच असं समजा. एकदम जमत नसेल तर महिन्याला पन्नास ठेवा. जमत असेल तर हप्त्याचं खातं वेगळं आणि घरखर्चाचं वेगळं करा. न लागणारी खाती लेखी अर्ज देऊन बंद करा आणि पोच घ्या.

हे सगळं ऐकून तुमच्यातली एखादी मनात म्हणत असेल, "बाई, वही ठीक आहे, पण कार्ड त्याच्याकडे, पिन त्याला माहीत, मी काय लिहू?" बरोबर आहे. कितीतरी घरांत खातं बाईच्या नावाचं आणि व्यवहार दुसऱ्याचा. दिराच्या गाडीचा हप्ता वहिनीच्या खात्यातून. कोऱ्या चेकवर बायकोची सही. चेक वटला नाही तर फौजदारी होऊ शकते, आणि परस्पर जाणारा हप्ता परत गेला तरीही २००७ च्या कायद्याखाली तशी केस होऊ शकते. नोटीस येते ती जिचं खातं तिच्या नावाने. हप्ता घेणारा दीर नोटिशीत कुठेच नसतो. म्हणून मी म्हणते, की खात्यावरचा ताबा हा घरातल्या सत्तेचा प्रश्न आहे. एकटीने मागितला तर भांडण होतं. चार जणी मिळून बँकेत जाऊ लागल्या, की घरातही सवय होते. पिन बदलायला दोन मिनिटं लागतात. ते बदलायचं धैर्य यायला कधी कधी दोन वर्षं लागतात. त्या दोन वर्षांत आपण तिच्या सोबत असायला हवं.

आणि मैत्रिणींनो, सगळा दोष आपल्या वहीवर घेऊ नका. २०१९-२० ते २०२३-२४ ह्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिलकीच्या दंडापोटी साधारण साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले, हे २०२४ साली संसदेत सांगितलं गेलं. हा पैसा कुणाचा? ज्यांच्याकडे ठेवायला पैसा नव्हता, त्यांचा. श्रीमंताला शिल्लक जास्त म्हणून सवलत, गरिबाला शिल्लक कमी म्हणून दंड! पण हेही बदलतं. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंड काढून टाकला. २०२५ साली कॅनरा बँक, बँक ऑफ बडोदा, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक यांनीही बचत खात्यांवरचा काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरातल्या नव्या खात्यांसाठी पन्नास हजारांची अट घातली. लोकांनी ओरड केली, आणि काही दिवसांतच ती पंधरा हजारांवर आली. ओरडण्याने फरक पडतो.

तक्रार कशी करायची तेही सांगते. आधी शाखेत लेखी द्या, तारीख-शिक्क्याची पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ ह्या नंबरवर फोन केला तर माहिती मिळते. पत्रात लांबण नको. खातं कुठलं, कधी किती कापले, आधी कळवलं होतं का, एवढं पुरे.

माझी एक विनंती आहे. प्रत्येक गटाने दर तीन महिन्यांनी एक दुपार पासबुकासाठी ठेवा. सगळ्यांनी पासबुक भरून आणायचं. जिला वाचता येतं तिने जिला येत नाही तिच्या शेजारी बसायचं. प्रत्येक कापलेल्या रकमेखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि विचारायचं, हे कशाचे? आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा बावीस पासबुकांपैकी चौदांत रेघा निघाल्या. सहा जणींनी अर्ज दिले, चौघींची खाती बदलून मिळाली, दोघींचे पैसे परत आले. फार मोठी रक्कम नव्हती. एकीचे दोनशे छत्तीस रुपये. पण ती पासबुक उघडून दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरत होती.

त्या मावशींना मी 'नियम आहे' म्हणून परत पाठवलं. तुम्हाला कुणी तसं म्हटलं, तर खिडकी सोडू नका. शांतपणे म्हणा, "कुठला नियम, दाखवा. आणि लिहून द्या." आतली बाई मान वर करून बघेल. मी सांगते ना, बघेलच. मीही बघितलं असतं.